बेरीज न करता मोजणी

प्रिय सुध्या,

‘नोकरी सोडून चिमण्या मोजतोस का?’ हा तुझा प्रश्न मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. बायको हसून लोळली. नोकरी शाबूत आहे, पण मोजतोय हे खरं.

इथे न्यू जर्सीत थंडी पडली की मागच्या अंगणातल्या फीडरवर, म्हणजे दाणे ठेवायच्या भांड्यावर, पक्ष्यांची झुंबड उडते. ते पक्षी मोजून कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेला कळवायचे. प्रोजेक्ट फीडरवॉच म्हणतात त्याला. नोव्हेंबर ते एप्रिल, लागोपाठ दोन दिवस मोजायचं, मग निदान पाच दिवस सुट्टी. मूळ सुरुवात कॅनडात, ऑन्टॅरिओत. १९८७ पासून अमेरिकेतही.

गंमत नियमात आहे. बेरीज करायची नाही! एका वेळी नजरेसमोर जास्तीत जास्त किती होते, तेवढाच आकडा. चिकडी म्हणून काळ्या टोपीचा टीचभर पक्षी आहे. सूर्यफुलाची एक बी उचलतो, फांदीवर नेतो, पायाखाली दाबून चोचीने ठोकतो, आतला गर खातो की पुन्हा हजर. बेरीज केली तर दोघांचे पन्नास होतील. लालभडक कार्डिनल सकाळी आला आणि त्याची तपकिरी मादी दुपारी, तरी लिहायचा एकच. बायकोला ते अजिबात पटत नाही. ‘दोन वेगळे दिसतायत ना धडधडीत?’ दिसतात बाई, पण चिकडीत नर कुठला नि मादी कुठली, कोण सांगणार? मग सगळ्यांना एकच माप. आकडा कमी भरला तरी चालेल.

आणि हे रिकामटेकड्यांचं काम नाही हं. हाउस फिंच हा मूळचा अमेरिकेच्या पश्चिमेकडचा पक्षी. १९४० मध्ये लाँग आयलंडवर पिंजऱ्यातले काही सोडून दिले, ते इकडे पसरले. १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या आसपास डोळे सुजून चिकटलेले फिंच दिसू लागले. ते आधी कुणाच्या लक्षात आलं? माझ्यासारख्या खिडकीत बसणाऱ्यांच्याच! मायकोप्लाझ्मा नावाच्या जीवाणूची साथ होती ती. फीडरवरूनही पसरते, म्हणून कडाक्याच्या थंडीत फीडर घासत बसतो. बोटं बधिर होतात.

बरं, गोल्डफिंचला, म्हणजे आमच्या राज्यपक्ष्याला, काय आवडतं माहितीये? कारळे! आपले चटणीचे. भारतातूनही येतात, उगवू नयेत म्हणून तापवून विकतात. उन्हाळ्यात पिवळाधमक असणारा हा पक्षी आता मळकट दिसतो, पण कारळ्यांवरून भांडणं तीच. चटणीला मात्र ती पिशवी वापरायची नाही, अशी ताकीद मिळालीय मला.

तूही मोजायला लाग की. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अशी गणना असते, भारतातही होते. एका वेळी पंधरा मिनिटं दिलीस तरी पुरे. तुझ्या जोंधळ्यावर भोरड्या उतरतात तेव्हा गोफण जरा बाजूला ठेव. थव्यातल्या दहा नजरेने धरायच्या, मग तसे किती दहा बसतात ते पाहायचं. यंदा आल्यात का त्या? आणि काकूंना सांग, कारळ्याची चटणी पाठवा म्हणावं.

तुझा,
बाळ्या