गौरीजेवणादिवशी विंडो बंद झाली आणि मिडफिल्डर आलाच नाही

सांगली, ४ सप्टेंबर २०२५

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझी ती लांबलचक व्हॉइस नोट ऐकली, दोनदा ऐकायला लागली कारण पहिल्यांदा तुझे पप्पा नेमकं मिक्सर लावून बसलेले. मँचेस्टर युनायटेडच्या कोच अमोरिमला हाकला, ब्रुनोला विका, कासेमिरोला विका, मॅग्वायरला विका, सगळी टीमच विका आणि नव्यानं सुरुवात करा, असं एकंदर तुझं म्हणणं. शेवटी तर आता मी त्याच गावातल्या आपल्या वैऱ्यांच्या, सिटीच्या मॅच बघणार म्हणालास, ते मी ऐकलंच नाही असं धरून चालते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून टाइप करून पाठवते, सगळं वाच, मधेच सोडू नको.

लीग कपात ग्रिम्सबीकडून हरलो ते मलाही लागलंय रे. ऐन चतुर्थीची रात्र, घरात गणपती बसलेले, पाहुणे आत्ता कुठं झोपलेले आणि साडेबारानंतर चौथ्या डिव्हिजनची टीम हाफटाइमच्या आत आपल्याला दोन गोल मारून मोकळी, मग एम्ब्यूमोनं एक फेडला, मॅग्वायरनं शेवटाला डोकं घालून बरोबरी केली, आणि पेनल्टीत १२-११ नं गेलो. त्यात कुन्याची अडवली, एम्ब्यूमोची बारला लागली, म्हणजे या वर्षी आणलेली महागाची माणसंच चुकली. तुझा मामा तर दुसऱ्या दिवशी आरतीला आला तो तोंड पाडूनच.

पण हे पहिल्यांदा झालंय का? २०१४ चा ऑगस्ट आठव, एमके डॉन्सनं आपल्याला ४-० नं धुतलं होतं. तेव्हाही आपण युरोपातल्या स्पर्धांत नव्हतो, आत्ताही नाही. आणि तेव्हा काय केलं? त्याच दिवशी दि मारियाला जवळपास साठ मिलियन पाऊंड देऊन आणला, मग फाल्काओ लोनवर, म्हणजे वर्षभर उसना, पोस्टर झकास झालं एकदम. दि मारिया वर्षात पॅरिसला गेला. फाल्काओचं तर बोलायलाच नको. तू शाळेत होतास, फाल्काओच्या नावाचा टीशर्ट पाहिजे म्हणून हट्ट केलेलास, बरं झालं मी घेतला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपली टीम खेळाडू कमी पडले म्हणून बुडली नाही, घाबरून आणि प्रत्येक कोचच्या आवडीनं घेत गेलो म्हणून बुडली. इथं हळदीच्या सौद्यात मी रोज बघते ना, ज्याला आज गाडी भरायचीच आहे हे समोरच्यांना कळलं त्याला क्विंटलमागं जादाच मोजावे लागतात, आणि चांगली राजापुरी सकाळीच दुसऱ्यानं उचललेली असते. युनायटेड दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तसा उभा असतो. २०२२ ला बघ, पहिली मॅच ब्रायटननं मारली, दुसऱ्या मॅचला ब्रेंटफर्डनं हाफटाइमच्या आत चार घातले, आणि त्यानंतर पंधरावीस दिवसांत कासेमिरो आणि आंतोनी दोघं आले. कासेमिरो तिशीतला. आंतोनी ९५ मिलियन युरोला. त्याच्या क्लबला, अयॅक्सला, माहीत होतं यांना पाहिजेच आहे, त्यांनी ताणलं.

आता आंतोनीचा हिशेब सांगते कारण हे तुला कुणी सांगत नाही, तुम्ही पोरं नुसते गोल मोजता. खेळाडू घेतला की क्लब त्याचे पैसे एका वर्षात खर्ची टाकत नाही, करार जेवढ्या वर्षांचा तेवढ्यात वाटून टाकतो, आमच्याकडं मशिनरीवर घसारा काढतात तसंच. ९५ ला पाच वर्षं म्हणजे वर्षाला १९. तीन वर्षं झाली, ५७ उतरले, वहीत ३८ शिल्लक. आणि परवा बेटिसला विकला साधारण २२ ला. म्हणजे विकूनसुद्धा तोटाच लिहायचा, वरचे किरकोळ धरले नाहीत तरी. आता उलटं बघ, गार्नाचो चेल्सीला गेला ४० मिलियन पाऊंडला. तो पोरगा असताना क्लबच्या अकादमीत आला तेव्हा किरकोळ पैसे दिलेले, वहीत काही शिल्लक नाही, म्हणजे जवळजवळ सगळा नफा. आणि प्रीमियर लीगचा नियम काय, तर तीन वर्षांत मिळून १०५ मिलियन पाऊंडच्या वर तोटा दाखवायचा नाही. मग क्लब काय करणार, अकादमीतलीच पोरं विकणार. हिशेबाला बरोबर बसतं, पण मला पटत नाही.

कारण २०२४ ची एफए कप फायनल आठव. सिटीला २-१ नं हरवलं. गोल कुणाचे? गार्नाचो आणि मेनू. दोन्ही अकादमीतली. सव्वा वर्षात एक चेल्सीला, आणि दुसरा बेंचवर बसून लोनवर सोडा म्हणतोय, आणि क्लब सोडत पण नाही आणि लीगमधे सुरुवातीपासून खेळवत पण नाही! वीस वर्षांचं पोरगं, फायनलमधे गोल मारलेलं, इंग्लंडकडून युरो फायनल खेळलेलं. गार्नाचोचं जाऊ दे, कोचशी त्याचं फिसकटलं होतं, तो थांबला असता तर रोज कटकट झाली असती. पण मेनूला विकला तर मात्र मी खरंच मॅच बघायची बंद करेन, हे लिहून ठेव.

आता तुझ्या "सगळे विका" वर येते. अरे, विकायचं म्हटलं की घेणारा पाहिजे की. आपण पगार एवढे देऊन ठेवलेत की दुसरा क्लब तेवढा देत नाही, मग खेळाडू पण हलत नाही, कशाला हलेल? म्हणून तर रॅशफर्ड बार्सिलोनाला लोनवर, सँचो व्हिलाला लोनवर, होयलंड नापोलीला लोनवर. तू याला पळपुटेपणा म्हणालास. मी म्हणते या वर्षी क्लबनं जे सगळ्यात शहाणपणाचं काम केलं ते हेच. लिंडेलॉफ, एरिक्सन, एव्हान्स यांचे करार संपू दिले, वाढवले नाहीत. ड्रेसिंगरूममधली नको असलेली गर्दी कमी केली. याचं कुणी पोस्टर लावत नाही, पण टीम बांधताना आधी जागाच करावी लागते.

आणि घेतले कोण? कुन्या, एम्ब्यूमो, शेश्को. तिघं मिळून दोनशे मिलियन पाऊंडच्या आसपास. मी शिव्या देणार नाही, कारण गेल्या सीझनला अख्ख्या टीमनं लीगमधे ३८ मॅचमधे ४४ गोल केलेत, आणि एकट्या एम्ब्यूमोनं ब्रेंटफर्डकडून २० आणि कुन्यानं वुल्व्ह्जकडून १५. इंग्लंडमधेच खेळलेले, थंडी पाऊस माहीत असलेले, बरोबर घेतलेत. शेश्कोचं मला अजून कळत नाही, उंच आहे, पळतो, वय बावीस, पण होयलंड पण असाच उंच आणि तरुण म्हणून आणलेला ना? बिचाऱ्याला बॉलच मिळायचा नाही.

बॉल का मिळायचा नाही, तर मधे कुणी नाही. इथंच माझं क्लबशी भांडण आहे. १५ व्या नंबरवर आलो, १८ मॅच हरलो, ५४ गोल खाल्ले. हे काय फक्त पुढच्यांमुळं झालं? अमोरिम मागं तीन डिफेंडर ठेवतो, मधे दोनच माणसं, आणि त्या दोघांत कासेमिरो, वय ३३, आणि ब्रुनो, जो चार दिवसांनी ३१ चा होतोय आणि ज्याची खरी जागा गोलच्या जवळ आहे. समोरच्यांनी मधे तिसरा माणूस आणला की हे दोघं नुसते मागनं पळतात, तू फुलहॅमच्या मॅचला बघितलंस की. उगार्ते बॉल काढून घेतो पण पुढं काय करायचं त्याला सुचत नाही. ब्रायटनच्या बालेबाला घ्यायचं महिनाभर चाललं होतं, झालं काहीच नाही. परवा गौरीजेवणादिवशी विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायची-विकायची मुदत, बंद व्हायची होती, मी पुरणपोळ्या लाटतालाटता दर दहा मिनिटाला फोन बघत होते, तुझी आत्या म्हणाली अगं कुणाचा काय निरोप यायचाय का, मी काय सांगू तिला. रात्री साडेअकराला बंद झाली, मिडफिल्डर नाहीच.

गोलकीपर मात्र आला, आणि तुझी त्यावर तक्रार की मार्तिनेझ का नाही घेतला, वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, हा लॅमेन्स कोण? बेल्जियममधून आणलाय, अँटवर्पचा, २३ वर्षांचा. मला आवडलं. मार्तिनेझ परवाच ३३ चा झाला, पगार डोंगराएवढा, दोन वर्षांनी परत हाच बाजार. हा चुकेल, सुरुवातीला बरंच चुकेल, पण आपल्या ओनाना आणि बायिंदिरपेक्षा जास्त काय चुकणार? आर्सेनलच्या मॅचला कॉर्नरवर बायिंदिरनं खाल्लेला तो गोल आठवला तरी माझं डोकं फिरतं. आणि गोलकीपरची जागा रिकामी ठेवली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे, श्मायकेल १९९९ ला गेला आणि त्यानंतर बॉस्निच, तैबी, बार्थेझ, कॅरोल, हॉवर्ड, एकापाठोपाठ एक, २००५ ला व्हॅन डर सार येईपर्यंत हेच चाललं. तो ३४ चा होता, आलाच तुझा मुद्दा, मला माहितीये. पण तो नामांकित होता म्हणून नव्हे, तो चांगला होता आणि स्वस्तात मिळाला म्हणून घेतला.

त्या २००५-०६ चंच तुला सांगायचंय. तेव्हा तू पाळण्यातून नुकताच उतरलेलास, मी आणि मामा मिरजेत त्याच्या जुन्या टीव्हीवर बघायचो. नोव्हेंबरात कॅप्टन कीन गेला, डिसेंबरात चॅम्पियन्स लीगमधे ग्रुपमधे सगळ्यात खाली राहून बाहेर, कोच फर्ग्युसन संपला असं जो तो म्हणत होता. जानेवारीत त्यानं दोन डिफेंडर घेतले, विडिच सात मिलियनला आणि एव्हरा साडेपाचला. एव्हराला पहिल्याच मॅचला सिटीविरुद्ध हाफटाइमला बाहेर काढावा लागला! आज असं झालं असतं तर तू त्याच रात्री त्याला विकायची व्हॉइस नोट पाठवली असतीस. मग पुढच्या वर्षी व्हॅन निस्टलरॉयला रेआल माद्रिदला जाऊ दिला, १५० गोल मारलेला माणूस, आणि त्याच्या जागी मोठा स्ट्रायकर घेतलाच नाही. घेतला कोण, तर टॉटनहॅमचा कॅरिक, मधे उभा राहून साधे पास देणारा, मामा तेव्हा म्हणाला होता एवढे पैसे याला? त्यानंतर लागोपाठ तीन लीग आणि २००८ ला मॉस्कोत चॅम्पियन्स लीगचा कप. आता रूनी आणि रोनाल्डो घरात होते हे खरं, तसे आज नाहीत. पण त्या दोघांना मोकळं पळता आलं ते मागं ही माणसं होती म्हणून.

अमोरिमबद्दल, मला काही त्याचं फार प्रेम नाही. तीनची बॅकलाइन सोडायचीच नाही हा काय हट्ट आहे कळत नाही. पण त्याला आज हाकलून काय होणार? नवा येणार, त्याला चारची बॅकलाइन पाहिजे, मग विंगबॅक म्हणून, म्हणजे कडेनं वर-खाली पळायला, आणलेल्या डोर्गूचं काय करायचं? आधीच्या कोच टेन हागनं त्याच्या जुन्या क्लबची, अयॅक्सचीच माणसं जमवली, आता त्यातला आंतोनी तर काढलाच. आर्सेनलनं बघ (नाव घेतलं म्हणून चिडू नको) त्यांचा कोच आर्टेटा लागोपाठ दोन सीझन आठवा आला, २०२१ ला पहिल्या तीन मॅच हरला, एक गोल नाही, टेबलात तळाला. ठेवला त्यांनी. त्या उन्हाळ्यात घेतलेले सगळे २३ किंवा त्याहून लहान, ऑबमयांग कॅप्टन असून नको झाला तर करार तोडून सोडला. मग पाचवे, आणि तिथून पुढं तीन वर्षं दुसरे. दुसरे म्हणजे जिंकले नाहीत असं तू म्हणणार. आपण १५ वे आहोत बाळा.

म्हणून माझं साधं मागणं. जानेवारीत एक मिडफिल्डर, पंचविशीच्या आतला, कोच कुणीही आला तरी चालेल असा. तोवर मेनूला खेळवा. ब्रुनोला पुढं सोडा. कासेमिरोचा करार सीझनच्या शेवटी संपतोय, हात जोडून निरोप द्या, वाढवू नका. आणि मॅग्वायरला तू हात लावू नको, तो बेंचवरून येऊन पण डोकं घालतो, ८० मिलियन त्यानं थोडेच मागितले होते, देणाऱ्यानं दिले.

युरोप नाही, लीग कप पण गेला, म्हणजे आठवड्याला एक मॅच, सरावाला वेळच वेळ. आता तरी कारण सांगायला जागा नाही.

बाकी इकडं सगळं ठीक. गौरी गेल्या, परवा अनंत चतुर्दशी, मिरजेच्या कमानी बघायला मामाकडं जाणार आहोत. १४ तारखेला रविवारी सिटीची मॅच आहे, आपल्याकडं रात्री नऊला, जागून बघ आणि आपल्या बाजूनं बघ. दसरा २ ऑक्टोबरला आहे, महालक्ष्मीचं रिझर्व्हेशन अजून काढलं नसशील तर आजच बघ, नाहीतर परत आयत्या वेळी ट्रॅव्हल्सला दुप्पट देशील.

तुझी आई