चुन्याच्या भिंतीला सिमेंट कशाला?

महोदय,

शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. तट आजही उभा आहे. पुण्यातल्या जुन्या वाड्यांतही पातळ, चपट्या विटा चुन्यातच रचलेल्या दिसतात. डागडुजीत मात्र विटांमधल्या दरजा, म्हणजे सांध्यांच्या फटी, सर्रास सिमेंटने भरल्या जातात. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट अडवते. मग पाणी विटेतूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. सिमेंट शाबूत, वीट गेलेली! यात गवंड्याला बोल लावण्यात अर्थ नाही. अनेकदा निविदेतच सिमेंट लिहिलेले असते. तिथे चुन्याचा वेगळा दर आणि तो मुरायला पुरेशी मुदत द्यावी. दरजेतला माल विटेपेक्षा मऊच हवा.

– एक वास्तुविशारद, पुणे