कूरसच्या गवंडीकाकांना खुलं आभारपत्र

आदरणीय गवंडीकाका,

सप्रेम नमस्कार.

जुन्या भिंतींबद्दलच्या आमच्या प्रत्येक शंकेला तुम्ही हातातलं काम थांबवून उत्तर दिलंत. ते ज्ञान आता महाराष्ट्रातल्या वाड्यांच्या भिंतींपर्यंत पोचतं आहे, म्हणून हे आभार चारचौघांत मानतो आहोत.

स्कॉटलंडच्या फाइफ भागात, फोर्थच्या खाडीकाठी वसलेलं कूरस सतराव्या शतकात कोळसा, मीठ आणि भाजणीच्या लोखंडी तव्यांवर श्रीमंत झालं. सर जॉर्ज ब्रूस यांची खाण तर थेट खाडीखाली गेली होती. १६२५च्या वादळात तिच्यात पाणी शिरलं. पुढे भरभराट ओसरली, नवं बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही, आणि म्हणूनच जुनी गल्ली टिकली. चढावरच्या दगडी फरसबंदीत मधोमध थोडी उंच ठेवलेली दगडांची ओळ आजही दिसते. मानाची माणसं त्यावरून चालत. घाण आणि पाणी दोन्ही कडांनी वाहून जाई.

नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड हा जुन्या वास्तू जपणारा न्यास १९३१ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने ब्रूस यांचा वाडा अवघ्या ७०० पौंडांना घेतला. आम्हाला मात्र त्या वाड्याहून आजूबाजूच्या लहान घरांची जपणूक मोलाची वाटते. १९६०मध्ये ट्रस्टने लहान घरांसाठी योजना आणली: पडकं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, जतनाच्या अटी घालून राहणाऱ्याला विकायचं, आणि आलेला पैसा पुढच्या घराला लावायचा. घरात चूल पेटती राहिली तरच छपराकडे कुणाचं लक्ष जातं, हे त्या योजनेला कळलं होतं.

तुमचं ऋण मात्र भिंतीच्या दर्जांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमध्ये आहे. वालुकाश्माच्या अनगड भिंतीवर कुणी सिमेंटचा गिलावा चढवला की वर्षभर सगळं छान दिसतं. मग केसाएवढ्या भेगा पडतात, पाऊस आत शिरतो आणि बाहेर पडायला वाटच राहत नाही. नुसते दर्जे सिमेंटने भरले असतील तर ओल दगडातून बाहेर येते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठतात आणि पोपडे सुटू लागतात. काही वर्षांनी दगड आत गेलेला आणि सिमेंटची रेघ पुढे आलेली, असं उलटं चित्र दिसतं. आतल्या बाजूला भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं कुजतात ती वेगळीच. दर्जा दगडापेक्षा मऊ हवा. झिजायचं असेल तर त्याने झिजावं, दगडाने नाही. हा नियम तुम्ही आम्हाला भिंतीवर बोट ठेवून दाखवलात.

सिमेंट काढताना ग्राइंडर नको, छन्नी-हातोडीच हवी, कारण चाक दगडाची कड खाऊन टाकतं. दर्जा निदान २५ मिलिमीटर खोल उकरायचा, धूळ झाडायची, आणि दगड ओला करायचा, पण पाणी निथळत राहील इतका नाही. कोरडा दगड मसाल्यातलं पाणी शोषून घेतो आणि चुना भुकटीसारखा राहतो. मसाला म्हणजे एक भाग कळीचा चुना आणि तीन भाग धुतलेली खरखरीत वाळू. पाणी पडताच चुना उकळतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे आधी. तो फुगतोही, त्यामुळे तयार मसाल्यात चुना मापापेक्षा जास्त भरतो. रुंद दर्ज्यात नुसता मसाला कोंबला तर तो आकसून फुटतो. तिथे दगडाच्या चिपा ठोकून बसवायच्या. अंगठा दाबल्यावर ठसा उमटेनासा झाला की ताठ केसांच्या ब्रशने ठोकायचं. पृष्ठभाग खरखरीत राहिला की ओल लवकर सुकते.

ओलं गोणपाट आठवडाभर तरी भिंतीवर टांगलेलं हवं. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर थापी ठेवून द्यायची. चुना हवा खाऊन महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर पक्का होतो; त्याआधी आतल्या पाण्याचा बर्फ झाला तर सगळा थर सुटतो. हिवाळ्याच्या तोंडावर काम नाकारणं म्हणजे रोजगार बुडवणं, तरीही तुम्ही ते नाकारता. याबद्दल आम्हाला तुमचा विशेष आदर वाटतो.

आणि हो, हिराकस (लोखंडाचा हिरवट क्षार) घातलेली चुन्याची सफेदी! लावताना हिरवट दिसते आणि हवा लागली की पिवळसर तांबूस होते. पातळ पाच हात द्यायचे, जाड दोन नाहीत, हे सांगितलंत म्हणून पुढचे पोपडे टळले.

आमच्याकडे बर्फ नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आहे. पांढऱ्या मातीच्या भिंतींवर सिमेंट चढवलं की इथेही लोणा लागतो आणि आतली माती ओलसर होऊन भिंत पोट काढते. वाडामालक विचारतात, “सिमेंट का नको?” तेव्हा आता आम्ही त्यांना दर्जा उकरून आतली ओल दाखवतो. बहुतेक वेळा पुढे बोलावं लागत नाही.

एक विनंती आहे. कौलारू छपराच्या वळचणीला तुमच्याकडे खालच्या दोन-तीन ओळी पाटीच्या दगडाच्या असतात. त्या ओळींच्या उताराचं आणि खिळ्यांच्या अंतराचं माप सवडीने कळवा.

आपले कृतज्ञ,
वाड्यांच्या दुरुस्तीत काम करणारे काही मराठी गवंडी आणि वास्तुविशारद