डॉक्टर ऑक्टोपसच्या भुजा चालवणाऱ्यांना, कॉमिक्सच्या वाचकांकडून

प्रति,
‘स्पायडर-मॅन 2’मध्ये डॉक्टर ऑक्टोपसच्या चार भुजा हाताने हलवणारे सर्व पपेटियर

सप्रेम नमस्कार.

तुमचा चित्रपट 2004 साली आला. सुपरहिरोंच्या सीक्वेलचा विषय निघाला की कॉमिक्स वाचणारे आजही पहिल्या दोन-तीन नावांत त्याचं नाव घेतात. कौतुक होतं ते दिग्दर्शक सॅम रेमी यांचं, डॉक्टर ऑक्टोपस झालेल्या आल्फ्रेड मोलिना यांचं, स्पायडर-मॅन झालेल्या टोबी मग्वायरचं. ते रास्तच आहे. पण हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस ठरला तो खलनायकामुळे, आणि तो खलनायक निम्मा तरी तुम्ही उभा केलात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

डॉक्टर ऑक्टोपस कागदावर आला तो जुलै 1963 मध्ये, ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या अंक 3 मध्ये. लेखन स्टॅन ली, चित्रं स्टीव्ह डिटको. प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी पदार्थ लांबून हाताळण्यासाठी बनवलेल्या धातूच्या भुजा स्फोटात त्याच्या अंगाला कायमच्या जडतात. माणूस म्हणाल तर ठेंगणा, जाड, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. कुस्तीत कुणाकडूनही हरेल असा. तरीही पहिल्याच झुंजीत तो स्पायडर-मॅनला सहज नमवतो आणि खिडकीतून बाहेर फेकून देतो. ही ताकद डिटको यांनी फक्त रेषेतून दाखवली. भुजा हव्या तेवढ्या लांबतात, हव्या तिथे वळतात, आणि दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत त्या कशा हलल्या ते वाचक स्वतः ठरवतो.

पडद्यावर ती कोरी पट्टी नसते. सेकंदाला 24 चौकटी दाखवायच्या, त्यामुळे प्रत्येक हालचालीचा हिशोब द्यावा लागतो. कमरेला जडलेली भुजा मोटार उचलते तेव्हा तो भार पेलतं कोण? माणसाचा कणा तर नक्कीच नाही. कागदावर हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण सिनेमात तो न विचारताही डोळ्यांना खटकतो. म्हणूनच हे पात्र पडद्यावर हास्यास्पद दिसेल अशी धास्ती जुन्या वाचकांना होती.

तुमच्या चित्रपटानं याचं उत्तर भुजांमध्ये कामं वाटून दिलं. खालच्या दोन भुजा जमिनीत किंवा भिंतीत रुततात, अंगाचा भार घेतात, आणि मगच वरच्या दोन काही उचलतात किंवा फेकतात. बँकेच्या भिंतीवरची मारामारी या नजरेनं पाहावी. पाय रोवल्याशिवाय जोर लागत नाही हे ज्याला अंगानं माहीत आहे, त्यालाच अशी हालचाल सुचते.

रचना ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मोलिना यांच्या कमरेला घट्ट आवळलेला कॉर्सेट, त्यावर धातू आणि रबराचा पट्टा, पाठीवर रबरी मणका आणि त्याला जोडलेल्या फोम रबरच्या सुमारे 8 फूट लांबीच्या चार भुजा. सगळं मिळून वजन 100 पाउंड, म्हणजे साधारण 45 किलोच्या घरात. पंजा पाकळ्यांसारखा उघडतो आणि आत लाल दिवा. एका भुजेमागे चार माणसं, म्हणजे चार भुजांना 16.

अडचण नेमकी इथेच असते. एका भुजेचं बूड एकाच्या हातात, मधला भाग दुसऱ्याच्या, पंजा आणखी कुणाच्या. यांतला एक जण क्षणभर जरी पुढे गेला, तरी भुजेला मध्येच कोपर फुटल्यासारखा बाक येतो आणि ती जिवंत वाटायची थांबते. चौघांनी एकाच वेळी सुरुवात केली तरी बिघडतं, कारण सापासारखी लवचीक वस्तू एकदम सगळीकडून हलत नाही. लाट बुडापासून टोकाकडे जाते, किंवा टोक आधी वळतं आणि बाकीचं अंग मागून येतं. पहिली चाल जोराची वाटते, दुसरी कुतूहलाची. तुम्ही या दोन्ही वेगळ्या ठेवल्यात. मारताना भुजा बुडातून सुटते. काही न्याहाळताना आधी पंजा वळतो, क्षणभर थांबतो आणि मग मान लांबते. यासाठी प्रत्येक प्रसंगाच्या एकत्र तालमी झाल्या, आणि त्या पडद्यावर दिसतात.

दुसरी गोष्ट स्थिर राहण्याची. चारही भुजा सतत वळवळत राहिल्या की प्रेक्षकाला कुठे पाहावं कळत नाही आणि चेहऱ्यावरचा अभिनय वाया जातो. तुमच्या दृश्यांत बहुतेक वेळा एकच भुजा बोलते आणि उरलेल्या तिघी ऐकतात. पण ऐकताना त्या मेलेल्या नसतात, श्वास घेतल्यासारख्या किंचित हलत असतात. बाहुली चालवणाऱ्याची खरी परीक्षा या न हलण्यातच असते असं आम्हाला वाटतं. नदीकाठच्या पडक्या धक्क्यावर ऑक्टेव्हियस, म्हणजे डॉक्टर ऑक्टोपस, एकटाच बसून स्वतःशी बोलतो, त्या प्रसंगात खरं तर पाच पात्रं आहेत, आणि त्यांतली चार तुमची.

मोलिना सेटवर या भुजांना लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो म्हणत. फ्लो ही वरची उजवी भुजा; ती एक स्त्री चालवत होती, आणि चष्मा काढणं, सिगार पेटवणं अशी नाजूक कामं तिच्याकडे होती. त्या बाईंचे वेगळे आभार. मोटारी फेकणारी तीच भुजा चष्म्याची काडी न वाकवता पकडते, म्हणून तिची जास्त भीती वाटते.

हाताशी खरी वस्तू असल्याचा आणखी एक फायदा आहे. नटाला नजर कुठे ठेवायची ते कळतं. नुसत्या काठीवर लावलेल्या खुणेकडे पाहताना डोळे रोखले जातात, पण समोरचा हलला म्हणून डोळे हलत नाहीत. इथे मोलिना यांची नजर पंज्याबरोबर सरकते. शिवाय दिव्याचा उजेड भुजेवर पडून परावर्तित होतो, तिची सावली चेहऱ्यावर पडते, कोटाचं कापड तिच्या ओढीनं ताणलं जातं. हे सगळं नंतर संगणकावर घालता येतं, पण काय घालायचं हे आधी कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.

संगणकावरच्या कलाकारांचं ऋण इथे नाकारायचं नाही. भुजा माणसाला उचलून भिंतीवर चढतात, घड्याळाच्या मनोऱ्यावर झुंज होते, धावत्या रेल्वेच्या डब्यांवरून हाणामारी होते, तिथे भुजा आणि कधी कधी अख्खा माणूसही संगणकावरचाच आहे. चेहऱ्यावर वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकून त्याची नोंद घेणारी ‘लाइट स्टेज’ ही पद्धत त्यासाठी वापरली. जॉन डायक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांना या कामासाठी 2005 च्या सोहळ्यात व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. पण त्या कलाकारांपुढे नमुना होता तो तुमचा. तुम्ही भुजांना ज्या सवयी लावल्यात, त्या संगणकावरच्या भुजांनीही पाळल्या, म्हणून दृश्य बदललं तरी पात्र बदलल्यासारखं वाटत नाही. चौकटसुद्धा तुमच्यासाठी रुंद झाली. पहिल्या भागाची चौकट 1.85:1 होती, म्हणजे रुंदी उंचीच्या 1.85 पट, उभ्या इमारतींमधून झोके घेणाऱ्याला ती सोयीची. दुसऱ्यात छायाचित्रकार बिल पोप यांनी रुंद पडदा घेतला आणि आडव्या पसरणाऱ्या भुजांना जागा मिळाली.

आता कॉमिक्सशी इमान किती राखलं, हा आमचा नेहमीचा प्रश्न. गोष्टीचा सांगाडा जुलै 1967 च्या अंक 50 मधून आला आहे. त्यात पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, सगळं सोडून देतो, आणि जॉन रोमिता यांनी काढलेलं ते पान, कचऱ्याच्या डब्यात टाकलेला पोशाख आणि पाठमोरा निघालेला पीटर, चित्रपटानं जवळजवळ जसंच्या तसं उचललं. फरक कारणात आहे. अंकात पीटरची शक्ती शाबूत असते. वर्तमानपत्रवाल्या जेमसनची टीका आणि त्याला वाढवणाऱ्या मे काकूचं आजारपण यांनी तो वैतागतो. चित्रपटात शक्तीच त्याला सोडून जाते. जाळं सुटेनासं होतं, भिंतीला हात चिकटेनासे होतात, नजर अधू होते. काही वाचकांना हा बदल पटत नाही. आम्हाला पटतो, आणि त्याचं कारण पहिल्या भागात आहे. कॉमिक्समध्ये पीटर जाळं फेकायचं यंत्र स्वतः बनवून मनगटावर बांधतो. चित्रपटात जाळं शरीरातूनच येतं. या बदलावर पुष्कळ जण नाराज होते. पण मनगटावर यंत्र असतं, तर जाळं न सुटण्याचा अर्थ नळी रिकामी झाली एवढाच निघाला असता. दुसऱ्या भागाच्या गोष्टीला तो जुना बदल लागत होता.

शक्ती जाण्या-येण्याचे नियम मात्र ढिले आहेत, हे मान्य करायला हवं. ती कधी जाते आणि कधी परतते, हे गोष्टीच्या सोयीनं ठरतं. एक चष्मा तेवढा नेमका वापरला आहे: शक्ती जाते तेव्हा चष्म्याशिवाय धूसर दिसतं, परत येते तेव्हा चष्मा लावला की धूसर दिसतं.

आमची मोठी तक्रार भुजांना काबूत ठेवणाऱ्या, ऑक्टेव्हियसच्या मानेवरच्या चिपबद्दल आहे. चित्रपट सांगतो की भुजांना स्वतःची बुद्धी आहे, चिप जळाली आणि त्यांनी ऑक्टेव्हियसचा ताबा घेतला. त्यामुळे गुन्ह्याचा भार माणसावरून यंत्रावर सरकतो. कॉमिक्समधला ऑक्टोपस गर्विष्ठ आहे आणि भुजा त्याच्याच इच्छेनं चालतात. तो त्यांच्यामागे लपू शकत नाही. तो आम्हाला जास्त आवडतो. तरीही ही पळवाट पडद्यावर खुपत नाही, कारण भुजा फूस लावतात, हट्ट करतात, गप्प होतात आणि तो त्यांना हो म्हणतो, हे सगळं तुम्ही अभिनयातून दाखवलंत. कागदावरच्या पटकथेत ती नुसती सबब राहिली असती.

अंक 33 चं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. फेब्रुवारी 1966. नदीखालच्या अड्ड्यात अवजड यंत्राखाली पीटर दबलेला, वरून पाणी गळतंय, आणि मे काकूचं औषध हाताच्या अंतरावर. डिटको यांनी तो उठण्याचा प्रयत्न पानामागून पान चालवला. ताण वाढतो तशी चौकट मोठी होत जाते आणि शेवटी यंत्र उचललं जातं ते अख्ख्या पानभर. चित्रपटाच्या शेवटी पीटर कोसळणारी भिंत अंगावर झेलतो, तेव्हा त्या अंकाची आठवण बऱ्याच जणांना होते. आमच्या मते तो प्रसंग फार चटकन उरकला आहे. अंक 33 चा खरा वारस रेल्वेचा प्रसंग. तिथेही एकाच कामाचे टप्पे आहेत: आधी पाय रुळांवर टेकवून पाहतो तर स्लीपर तुटत जातात, मग दोन्ही बाजूंच्या इमारतींना एकेक जाळं लावतो तर भिंतीच उखडून येतात, मग एकामागून एक अनेक दोर आणि मध्ये ताणलेलं शरीर. आधीचा उपाय का फसला हे कळल्यावरच पुढचा येतो, म्हणून आपण खुर्चीत सरसावून बसतो. त्याचं चित्रण शिकागोच्या उन्नत मार्गावर झालं आहे आणि न्यूयॉर्क ओळखणाऱ्यांना ते लगेच कळतं. त्यानं काही बिघडत नाही.

इस्पितळाचं दृश्य पाहताना एकदा आवाज बंद करावा, असं आम्ही नव्या वाचकांना सांगतो. बेशुद्ध माणसाच्या पाठीवर चार भुजा जाग्या होतात, आणि आवाज नसतानाही कोणती भुजा आधी सावध झाली, कोणती बचावाला आली आणि कोणती चवताळली ते ओळखता येतं. रेमी भयपटांतून आलेले, तेव्हा किंचाळ्या आणि सावल्या त्यांच्या हातखंड्याच्या. भुजांचे स्वभाव तुमचे. त्याआधी वाचायला अंक 3, 31 ते 33 आणि 50 पुरेत. वेळ असेल तर 1964 चा पहिला वार्षिकांकही घ्यावा. त्यात ऑक्टोपसनं ओलीस ठेवलेली मे काकू त्याला सभ्य गृहस्थ समजते. चित्रपटातली मे काकू त्याला छत्रीनं बडवते, ती गंमत मग दुप्पट होते.

भुजा चालवणारा कॅमेऱ्यात येऊ नये, हीच तुमच्या कामाची अट. दिसलात तर चित्रीकरण पुन्हा करावं लागतं, आणि नाही दिसलात तर श्रेय दुसऱ्याला जातं. 16 जणांनी ही अट पाळली आणि 1963 च्या त्या शाईच्या रेषांना वजन, नजर आणि स्वभाव दिला. त्याबद्दल तुम्हा प्रत्येकाचे मनापासून आभार.

आपले,
अंक 3 पासून डॉक्टर ऑक्टोपस वाचत आलेले