सहा फुटांत कर्जत ते लोणावळा

मुलुंड, मुंबई
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय बंड्या,

मागे तुझा फोन आला तेव्हा मी खरोखरच पलंगाखाली होतो. "ते पलंगाखाली आहेत, डेक्कन क्वीन घसरलीय," असं हिने तुला सांगितलं आणि तू पाच मिनिटं हसत होतास म्हणे. हस लेका. पण हे प्रकरण फोनवर सांगून कळणारं नाही, म्हणून पत्र लिहायला बसलोय. शेवटी तुझ्याकडे एक कामही आहे, तेव्हा मध्येच सोडू नकोस.

तर मी कर्जत-लोणावळ्याचा रेल्वेचा घाट बांधतोय, छोटं चालतं मॉडेल. सहा फूट बाय अडीच फूट मरीन प्लायवर. खाली चाकं लावलीत, त्यामुळे दिवसा घाट पलंगाखाली आणि रात्रीची भांडी आवरली की बाहेर. डोंगराची उंची मावेना म्हणून पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले. परवा सासूबाई आल्या होत्या, पलंगावर चढताना म्हणाल्या, "जावईबापू, बँकर लावा आता." घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनाचा हा शब्द त्यांना कुठून कळला? आमच्या घरात दुसरं बोलणंच नसतं रे.

सुरुवात पुण्यात झाली. एका लग्नाला गेलो होतो, जेवणाच्या पंगतीला वेळ होता, आणि कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे तिथे शिरलो. १९९८ पासून चालू आहे आणि मी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. अख्खं शहर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, सांधे बदलतायत, सिग्नल पडतायत. शेजारी एक सात-आठ वर्षांचं पोरगं काचेला नाक लावून उभं होतं. मीही तसाच उभा होतो. पंगत चुकली. घरी येताना एक्स्प्रेस वेवर बस खंडाळ्यात आली, खाली एक मालगाडी घाट चढताना दिसली आणि तिच्या शेपटीला ढकलणारी इंजिनं. तिथेच ठरलं. दुसरं काही बांधायचं नाही, घाटच बांधायचा.

आता तू विचारशील, एवढा घाट सहा फुटांत कसा? कर्जत व्हीटीपासून १०० किलोमीटरवर, लोणावळा १२८ वर. मधले २८ किलोमीटर. माझं स्केल एन, म्हणजे १:१६०. हिशेबाने उतरवायचा तर १७५ मीटर लांब जागा लागेल, आपल्या जुन्या चाळीची गॅलरीसुद्धा पुरली नसती. मग काय, कापाकापी. पळसदरी गाळलं, ठाकूरवाडीचा एक सांधा ठेवला, मंकी हिल ठेवलं कारण माकडं बनवायची हौस. चढ मात्र खरा ठेवायचा असं ठरवलं. भोर घाटात, म्हणजे याच घाटात, सगळ्यात तीव्र चढ ३७ला १ आहे, ३७ पुढे गेलं की १ वर. वरचा रूळ खालच्या रुळावरून न्यायला मला पाच सेंटिमीटर उंची हवी. म्हणजे १८५ सेंटिमीटर रूळ नुसता चढण्यात जातो आणि माझी फळी आहे १८३ची. दोन सेंटिमीटरसाठी मी दोन आठवडे कागदावर रेघोट्या मारत होतो. शेवटी २८२ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावरच चढ सुरू केला. ही चूक होती, ते पुढे येतंच.

डोंगर करताना तुझी आठवण आली. दिवाळीत आपण जिन्याखाली किल्ला करायचो, गोणपाटावर चिखल थापून. अळीव पेरून तू रोज सकाळी बोटाने उंची मोजायचास, आणि मावळे तटापेक्षा मोठे असायचे याचं कुणाला काही वाटायचं नाही. हे तेच आहे, फक्त इथे मावळा साडेदहा मिलिमीटरचाच लागतो. बाकी सामान तसंच घरगुती: माती म्हणजे वाळवून चाळलेला चहाचा चोथा, झाडी म्हणजे भांडी घासायचा स्पंज मिक्सरमधून काढून हिरवा रंगवलेला. (मिक्सर आता वेगळा घेऊन दिलाय. त्यावर बोलणं नको.) वायरी लोहार चाळीतून, बाकी किडूकमिडूक लॅमिंग्टन रोडवरून. रूळ आणि इंजिनाची चेसिस मात्र जपानी, आणि एका इंजिनात बरा मोबाइल येतो, हे हिला अजून नक्की माहीत नाही. पत्र जपून ठेव.

आमचं एक टोळकं आहे. महिन्यातून एका रविवारी दादरला एकाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. एक दाताचे डॉक्टर आहेत, त्यांची हत्यारं बघून आम्ही जळतो. रंग खरवडायला तसलं हत्यार बाजारात मिळत नाही. एक इंजिनीअरिंगचा पोरगा घरच्या थ्रीडी प्रिंटरवर इंजिनांचे सांगाडे छापतो. आणि एक निवृत्त मोटरमन. ते स्वतः काहीच बांधत नाहीत. येतात, कटिंग पितात आणि चुका काढतात. पहिल्याच दिवशी माझी गाडी बघून म्हणाले, "ही उठली कशी? टाचणी टोचल्यासारखी?" मग त्यांनी खिशातून घड्याळ काढलं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे आमच्या रुळावर सेकंदाला सात सेंटिमीटर. एक मीटर कापायला १४ सेकंद लागले पाहिजेत. माझी गाडी चार सेकंदांत पोचली होती. "घाटात ताशी १४० ने चाललायस, बाळ," एवढंच बोलले. तेव्हापासून मी स्टॉपवॉच घेऊनच बसतो.

टोळक्यात भांडणंही आहेत, आणि सगळ्यात जुनं भांडण दीड मिलिमीटरचं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला १६०ने भागलं की साडेदहा येतात. पण बाजारात मिळणारा एन गेजचा रूळ नऊ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५च्या रुळावर बेतलेला. म्हणजे आपलं इंजिन त्यावर पाय जवळ घेऊन उभं राहतं. एचओवाल्यांचंही, म्हणजे १:८७वाल्यांचंही तेच, त्यांना १९ हवेत आणि मिळतात साडेसोळा. डॉक्टर म्हणतात, रूळ स्वतः घाला, स्लीपरवर डाग देऊन, एकेक. मी म्हणतो, त्या हिशेबाने लोणावळ्याला मी पंच्याहत्तराव्या वर्षी पोचेन. या सगळ्यात खरा सुखी आमचा माथेरानवाला. त्याने १:८७मध्ये नेरळची छोटी गाडी केलीय, खाली झेड गेजचा साडेसहा मिलिमीटरचा रूळ घालून. खऱ्या मापात ते होतात ५६५, आणि माथेरानचा खरा रूळ ६१०. एवढं जवळ आमच्यात कुणीच नाही, आणि हे तो दर रविवारी सांगतो.

आता घसरण्याची गोष्ट. माझे डबे घरी केलेले, प्लॅस्टिकच्या पत्र्याचे, वजनाला कागद. ओढताना वळणावर मधला डबा आतल्या बाजूला कलंडायचा. दहातून सहा वेळा. मी रूळ बघितले, सांधे बघितले, चाकं बघितली. एकदा तर बोगद्यात पाल होती, पण प्रत्येक वेळी पालीवर कसं ढकलणार? डॉक्टरांनी डबा हातात घेतला आणि म्हणाले, "हा डबा नाही, पाकीट आहे." अमेरिकेत १९३५ साली निघालेली मॉडेल रेलवाल्यांची संघटना आहे, तिचं एक कोष्टक आहे: एन स्केलच्या डब्याला अर्धा औंस, वर लांबीच्या दर इंचाला ०.१५ औंस. माझ्या सव्वापाच इंची डब्याला ३६ ग्रॅम. त्याचं वजन भरलं १९. मग गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या, हातोडीने चपट्या केल्या आणि डब्यांच्या तळाला चिकटवल्या. घसरणं थांबलं.

आणि गाडी चढेना. पाच डबे, वळण, त्यात ३७चा चढ. इंजिन मंकी हिलच्या अलीकडे यायचं आणि जागच्या जागी चाकं फिरवत राहायचं. सूंऽऽ असा बारीक आवाज. मी बोटाने ढकलायचो. तीन रात्री ढकलल्यावर डोक्यात प्रकाश पडला. अरे, बँकर मी शोभेला म्हणून आणला होता! कर्जतच्या यार्डात नुसता उभा करायला. खऱ्या घाटात जे दुखणं तेच माझ्या पलंगाखाली होतं, आणि औषध कोपऱ्यात उभं होतं. तो आणून मागे लावला.

तर काय झालं माहीत आहे? दोन इंजिनांची टक्कर. आमच्याकडे आता डिजिटल पद्धत आहे. रुळांत वीज कायम सारखीच असते, प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढा डिकोडर, आणि तू ज्या नंबरला हुकूम सोडशील तेवढंच इंजिन ऐकतं. पण नवा डिकोडर कुठलाही घे, तो कारखान्यातून 'नंबर तीन' होऊनच येतो. माझी दोन्ही इंजिनं नंबर तीन. मी पुढच्याला जरा मागे यायची हाक मारली, दोघं उठले. बँकर मागे उलट तोंडाने लावलेला, म्हणजे त्याचं मागे आणि याचं मागे एकमेकांकडे. पाच डबे मधोमध उभे राहिले, तंबूसारखे. तुझा फोन आला तो याच मुहूर्तावर.

नंबर बदलले, दिशा बदलली, तरी काम संपेना. मागच्याने जरा जास्त रेटलं की डबे वळणाच्या बाहेर फेकले जायचे. कमी रेटलं की तो स्वतःच ओझं. दोघांचा वेग एक करायला डिकोडरमध्ये तीन आकडे असतात: गाडी कुठल्या जोरावर उठते, मध्यावर किती, वरती किती. रोज रात्री एक मीटर रूळ, घड्याळ आणि वही. तेराव्या रात्री दोन्ही इंजिनं एक मीटरला १४ सेकंद, अर्ध्या सेकंदाच्या फरकाने. मग गाडी जोडली. कर्जतहून उठली, बँकरने मागून हलकेच कपलिंग दाबलं, डबे एकेक करून पुढे सरकल्यासारखे झाले, आणि वळण घेतलं, आणि वर गेली. मी हिला उठवलं. रात्रीचे दीड वाजले होते. तिने डोळे चोळत एक फेरी बघितली आणि विचारलं, "मागच्यातला माणूस काय करतो? त्याला तर पुढचं काहीच दिसत नाही."

मला एकदम तुझे मामा आठवले. आपण मे महिन्यात कर्जतला जायचो, फलाटाच्या टोकाला दगडावर बसायचो. गाडी थांबली की लोक वड्यांवर तुटून पडायचे, आणि आपण दोघंच उलटीकडे, गार्डाच्या डब्याच्या मागे, बँकर लागताना बघायला. मामा बँकरच्या खिडकीतून हात करायचे. तासा-दोन तासांनी नुसतं इंजिन घेऊन खाली परत. मी एकदा त्यांना विचारलं होतं की तुम्ही पुण्याला कधी जाता? म्हणाले, "गाडी जाते. मी लोणावळ्याला सुटतो." तेव्हा मला त्यांची फार दया आली होती. परवा हिला हे सांगितलं तर ती म्हणाली, रोज घरी जेवायला येत असतील की.

गणपतीत यंदा आरास घाटाचीच. हिच्या दोन अटी आहेत: आरतीच्या वेळी गाडी बंद, आणि मंकी हिलवरच्या माकडांत एक उंदीर हवा. उंदीर झाला. मोटरमन काका दर्शनाला येणार आहेत, म्हणजे घड्याळही येणार. तू बडोद्याहून दोन दिवस काढ. पहिली गाडी वर न्यायला मागच्या इंजिनावर तू बस, पुढचं मी सांभाळतो. एकाच माणसाने दोन्ही चालवायची सोय असते, पण मी ती मुद्दाम बसवलेली नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पक्या

ता. क. काम राहिलंच. प्रिंटरवाल्या पोराने मामांच्या बँकरचा, म्हणजे डब्ल्यूसीजी-२ इंजिनाचा सांगाडा छापून दिलाय, करड्या प्लॅस्टिकचा, अजून रंग नाही. मामांचा इंजिनाच्या पायरीवर उभा असलेला फोटो तुझ्या आईच्या ट्रंकेत होता बघ. तो काळा-पांढरा आहे, तरी पट्टा कुठून कुठे गेलाय ते कळेल. मोबाइलवर नको, स्कॅन करून पाठव. आणि मामींना विचार, रंग कोणता होता. मला तपकिरी आठवतो, डॉक्टर हसतात. मामी रोज डबा द्यायला जायच्या, त्यांना नक्की ठाऊक असेल.