काकांची रक्षा वसईला आणू या

प्रिय आई, बाबा,

फोनवर हा विषय निघाला की बाबा ‘घे, आईशी बोल’ म्हणतात आणि बोलणं राहून जातं. म्हणून लिहितेय. आई, तूच मोठ्याने वाचून दाखव, नाहीतर बाबांना नेमका आजच चष्मा सापडणार नाही.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, काकांची रक्षा वसईला आणावी आणि आपल्या घरच्या थडग्यात ठेवावी, असं काकींच्या आणि माझ्या मनात आहे. ती अजून इथे अंधेरीला, आमच्या सिमेट्रीच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहे. काकी दर महिन्याला मेणबत्ती लावून येतात, पण आता त्यांचे गुडघे बोलायला लागलेत.

बाबा, पाठच्या भावाला मूठमाती देता आली नाही, हे तुम्हाला किती लागलंय ते मला ठाऊक आहे. पालिकेने जबरदस्तीने जाळायला लावलं, असं तुम्ही अजून लोकांना सांगता. तसं नाही. धर्म कुठलाही असो, कोविडने गेलेल्यांना जाळायचंच, असं परिपत्रक पालिकेने ३० मार्च २०२० ला काढलं होतं खरं, पण ते त्याच दिवशी बदललं. काका गेले एप्रिल २०२१ मध्ये. दहनाचा निर्णय काकींचा आणि माझा होता. त्या आठवड्यात मुंबईत जे चाललं होतं ते पाहता तो बरोबर होता, असं मी आजही म्हणते. आणि पोपच्या दरबारी दहनाला १९६३ पासून परवानगी आहे. २०१६ मध्ये रोमने पुन्हा स्पष्ट केलं की दफन केलेलं अधिक चांगलं, पण दहन केलं तर रक्षा पवित्र जागी ठेवावी. विखुरायची नाही, वाटून घ्यायची नाही, एरवी घरातही ठेवायची नाही. म्हणजे आजी-आजोबांच्या शेजारी काकांना जागा देण्यात कसलीच आडकाठी नाही.

पण तुमचा खरा राग दहनावर नाहीच. ‘माझा भाऊ मरत होता तेव्हा चर्च कुठे होतं?’ असं तुम्ही एकदाच विचारलंत आणि तेव्हापासून रविवारी वाडीत पाणी सोडत बसता.

माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. मरणाऱ्याला तेल लावून प्रार्थना करतात, त्या अखेरच्या तैलाभ्यंगासाठी मी ज्या फादरांना फोन लावत होते, त्यांनी तो उचलला नाही. नंतरही कधी उलटून विचारलं नाही. याचं समर्थन मी करणार नाही. आणि त्याच रात्री वॉर्डातल्या एका मल्याळी नर्सने, अंगभर प्लास्टिक चढवलेल्या त्या मुलीने, स्वतःचा मोबाईल काकांच्या कानाशी धरला. काकी इकडून ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणत होत्या आणि ती तिच्या भाषेत. तिचं नावही आम्हाला कळलं नाही. मला दोन्ही आठवतं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

२७ मार्च २०२० ची ती संध्याकाळ तुम्हीही टीव्हीवर पाहिलीत. पावसात भिजलेला व्हॅटिकनचा रिकामा चौक, एकटे पोप फ्रान्सिस, आणि १५२२ च्या साथीत रोमच्या रस्त्यांतून फिरवलेला तो जुना क्रूस. त्या दिवशी शुभवर्तमान वाचलं ते मार्कचं, वादळाचं. नीट ऐकलंत तर त्यात शिष्य हात जोडून बसलेले नाहीत. येशू झोपलाय आणि ते त्याला उठवून जाब विचारतायत, आम्ही बुडतोय त्याचं तुला काहीच नाही का? स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, सांत्वनाची एक ओळ नाही, तरीही ते बायबलमध्ये आहे. आणि आईने कपाटावर लावलेल्या फोटोतल्या मदर तेरेसा! त्यांची खाजगी पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा कळलं की कित्येक वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. २०१६ मध्ये त्यांना संतपद मिळालं, ही पत्रं सगळ्यांना माहीत असताना. तेव्हा बाबा, तुमचं भांडण धर्माबाहेरचं आहे असं मी मानत नाही. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याच्याशी कोण इतकी वर्षं भांडतं?

तुम्ही पाठवता त्या फादरांच्या गैरवर्तनाच्या बातम्याही मी वाचते. त्यात खोटं काय आहे? फेब्रुवारी २०१९ मध्ये रोमला जगभरच्या बिशपांची बैठक झाली, मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप, आपले कार्डिनल ग्रेशियस आयोजकांत होते. अशी प्रकरणं वरिष्ठांना कळवणं धर्मगुरूंवर आणि सिस्टरांवर बंधनकारक करणारा नियम त्याच वर्षी आला. फार उशिरा आला. ‘फादर म्हणाले’ की घरात कोणी तोंड उघडायचं नाही, ते दिवस गेले ते बरंच झालं. (आई, तू रागावशील, पण तुलाही मनातून पटतं.) मी मात्र माझ्या मराठी मिस्साला, रविवारच्या उपासनेला, जाते. इंग्रजी मिस्साला उभं राहायला जागा नसते, आमच्याकडे अर्धे बाक रिकामे असतात, आणि त्या बाकांवर नेहमी येणाऱ्या म्हाताऱ्यांनी काकींना साथीत डबे पोचवले.

आई, बाबांना रोझरीला ओढू नकोस, आणि शेजारच्यांना त्यांच्यासाठी नऊ दिवसांची नोव्हेना करायला सांगू नकोस. त्यांना कळतं ते, आणि मग ते अजून चिडतात.

फादरांना तू आधीच भेटून थडगं उघडण्याची परवानगी विचार. ऑक्टोबर संपत आला की सगळ्यांचीच सिमेट्री साफ करायची घाई असते. बाबा, मिस्साला आत आला नाहीत तरी चालेल, पण थडग्यापाशी या. माती तुम्हीच द्यायची आहे. फादर हो म्हणाले की लगेच कळवा, मला रजा टाकावी लागेल, आणि काकींना विरारच्या गर्दीत नेता येणार नाही म्हणून गाडीही सांगायची आहे.

तुमची,
बेबी