ग्रँट रोडच्या काकांना, त्या स्टुलाबद्दल

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पाटीवरही नुसतं 'रिपेअरिंग' लिहिलेलं होतं. म्हणून खूण सांगतो. लॅमिंग्टन रोडवरचा जिन्याखालचा गाळा, मे महिन्यातला शनिवार, चिपळूणहून आलेला घामाघूम बाप आणि डाळीच्या डब्यात कॉम्प्युटरचा प्रोसेसर घेऊन आलेली त्याची सोळा वर्षांची मुलगी. डबा बघून तुम्ही हसला होतात.

आमच्या घरातला जुना कॉम्प्युटर 22 जुलै 2021 च्या पुरात गेला. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही धान्य, गाद्या आणि कागदपत्रं माळ्यावर चढवत होतो, ते खोकं कोणाला आठवलंच नाही. त्यानंतर पोरीने भाऊबीज, आजीचे पैसे, बक्षिसाची पाकिटं सगळं साठवलं, कमी पडले ते मी घातले. मॉनिटर धरून बजेट 40000 रुपये. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसत नव्हतं, म्हणून ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे असा रायझन 5 5600जी प्रोसेसर घेतला. रॅम 8-8 जीबीच्या दोन पट्ट्या, कारण हे आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जेवतं आणि एकच पट्टी लावली तर अर्धपोटी राहतं. हे सगळं ज्ञान तिचं. मी 'तयार मशीन घे, डोक्याला ताप नको' या पक्षातला.

एकेक भाग मागवून तिने स्वतः जोडलं, पहिल्या झटक्यात चालू झालं, आठ महिने तिचा व्हॅलोरंट गेम सुखाने चालला. मग आला कोकणातला मे. पंखा ओरडायला लागला म्हणून ती प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्यामधली पेस्ट बदलायला बसली. थंड मशीन, वाळलेली पेस्ट. कूलर सरळ वर ओढला तसा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्यालाच चिकटून आला आणि सोडवताना निसटून लादीवर पडला. 1331 पिना असतात म्हणे त्याला. कोपऱ्यातल्या दोन ओळी पूर ओसरल्यावरच्या लव्हाळ्यासारख्या आडव्या झाल्या होत्या.

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

गावातल्या दुकानदाराने डब्यात डोकावून विचारलं, "कोणी केलं हे?" विचारलं मला, बघितलं तिच्याकडे. मग, "पोरींच्या हातात कशाला देता असल्या वस्तू? गेला हा. नवीन टाका." पडझड वॉरंटीत बसत नाही हे मलाही कळतं, त्याबद्दल राग नाही. पण त्याने साधं भिंगसुद्धा हातात घेतलं नाही, नव्याचा भाव मात्र तयार होता. आणि मी मान डोलावली. लेक शेजारी उभी असताना. तुतारी एक्सप्रेसने दादरला येईपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

तुमच्याच रस्त्यावर आधी दोन दुकानं झाली. एकाने बिल कुठलं आहे ते विचारून डबा परत केला. दुसरा फोनवर बोलत होता, त्याने आमच्याकडे न बघताच हाताने 'पुढे जा' केलं. भिकाऱ्याला करतात तसं.

मग तुम्ही. सवयीने मी पुढे होऊन सांगायला लागलो तर तुम्ही मला हाताने थांबवलंत आणि तिला विचारलंत, "मशीन तू जोडलंस?" ती हो म्हणाली. "एकटीने?" पुन्हा हो. "मग तूच सांग काय झालं ते."

आणि तुम्ही उठलात. दुकानात स्टूल एकच, तुमचं. ते तिच्याकडे सरकवलंत, भिंग तिच्या हातात दिलंत आणि शिसं काढलेली दाबायची पेन्सिल दाखवलीत. ड्रॉवरमधून एक मेलेला प्रोसेसर काढून म्हणालात, "आधी यावर हात बसव. हा माझ्या हातून गेलेला आहे." पिन पेन्सिलच्या पोकळ टोकात घ्यायची, हळूच उभी करायची, एका दमात सरळ करायला जायचं नाही, मोडते. पाऊण तास तुम्ही वाकून दिवा धरून उभे होतात. गिऱ्हाईक आलं की "थांबा जरा, काम चालू आहे" म्हणत होतात. काम माझी पोर करत होती!

पिना सरळ झाल्या. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून तुमच्या बोर्डवर ठेवला तर जोर न लावता आपल्या वजनाने आत बसला. स्क्रीन उजळली तेव्हा मी बाहेर रस्त्याकडे बघत होतो, त्याचं कारण तुम्हाला कळलं असेल. पुढच्या वेळी कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं आणि डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवायचं, हेही तुम्ही तिलाच सांगितलंत.

पुरानंतर घाटावरून पोरं आली होती आमच्याकडे चिखल काढायला. फावडी त्यांची, भाकऱ्याही त्यांच्याच. 'सामान आधी वर का नाही नेलंत' असं त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं. नातेवाइकांनी मात्र फोन करकरून विचारलं. त्या पोरांची आठवण मला तुमच्या गाळ्यात झाली. अशी माणसं कुठे तयार होतात कोण जाणे, आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर तरी नाहीत. मी स्वतः तिथे बसतो, म्हणून सांगतोय. हल्ली कोणी फॉर्म चुकवून आणला की मी 'कोणी भरला हा?' एवढं गिळतो आणि पेन पुढे करतो. रोज जमत नाही.

एक कबुली. तुमची ती पेन्सिल आमच्या डब्यातून चिपळूणला आली आहे. कन्या तिच्यात कोणाला शिसं घालू देत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ग्राफिक्स कार्ड बघायला येणार आहोत, तेव्हा परत करतो. काजू आणतोय, नाही म्हणू नका.